थेट टांगलेली तार की कॅटेनरी? सुरुवातीच्या विद्युत रेल्वेचं ओव्हरहेड निवडताना

मॉडेल रेल्वेत मुंबईची १९०७ सालची विजेची ट्राम उभी करायची असेल, तर गाडीवरची विजेची तार थेट टांगायची की कॅटेनरीने, म्हणजे वरच्या एका आधाराच्या तारेला ठिकठिकाणी लोंबकळवून, हा प्रश्न पडतच नाही. खांब, आडवी तार, तिला थेट टांगलेली ट्रॉलीची तार, एवढंच काम. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेलेली जी.आय.पी.ची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) १५०० व्होल्ट डीसी गाडी करायची असेल तरीही प्रश्न नाही, तिथे कॅटेनरीच हवी. अडचण येते ती या दोहोंच्या मधल्या प्रकारची लाइन करताना. साधारण १९०० ते १९१६, आणि विशेषतः अमेरिकेतल्या गावागावांना जोडणाऱ्या विजेच्या रेल्वे. त्या काळात दोन्ही पद्धती चालू होत्या. गावातल्या रस्त्यावरून जाताना थेट टांगलेली तार आणि गावाबाहेर स्वतःच्या जागेवर आल्यावर कॅटेनरी, असंही एकाच मार्गावर दिसायचं. त्यामुळे मॉडेल करणाऱ्याला इतिहासाची मोकळीक मिळते, आणि मोकळीक मिळाली की निर्णय अवघड होतो.

पुढचं सगळं १:८७ मापासाठी, आणि तारेतून खरोखर वीज घेऊन गाडी चालवायची आहे असं धरून लिहिलं आहे. तार नुसती दिसायला हवी असेल आणि वीज रुळांतूनच येणार असेल, तर यातल्या निम्म्या अडचणी उरत नाहीत. मग जे डोळ्याला बरं दिसेल ते करावं.

आधी एक घोटाळा सोडवलेला बरा. तार कशी टांगायची हा एक प्रश्न, आणि गाडी तारेतून वीज कशाने घेणार हा दुसरा. थेट तार म्हणजे ट्रॉली पोल (टोकाला चाक असलेला लांब दांडा) आणि कॅटेनरी म्हणजे पॅन्टोग्राफ (छपरावरचा घडीचा सांगाडा, थोडक्यात पॅन्टो) अशी जोडी आपण मनात पक्की करून टाकतो. प्रत्यक्षात सीमेन्सने जर्मनीत बो कलेक्टर आणला, म्हणजे धनुकलीसारखी रुंद कमान जी तारेखालून घासत जाते, तो थेट टांगलेल्या तारेवरच चालायचा. आणि कॅटेनरीखालून ट्रॉली पोल लावून धावणाऱ्या गाड्याही अमेरिकेत भरपूर होत्या. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की निवड बरीच सोपी होते. त्याकडे पुढे परत येतो.

कॅटेनरी का आली हे ठाऊक असेलच, तरी एक हिशेब समोर असलेला चांगला. ४/० मापाची तांब्याची तार घ्या. व्यास ११.७ मिमी, वजन फुटाला साधारण ०.६४ पौंड. १०० फुटांवर खांब आणि २००० पौंड ताण धरला तर मध्यभागी जवळजवळ ५ इंच झोळ येतो. उन्हाने ताण निम्मा झाला की झोळ दुप्पट, म्हणजे १० इंचाच्या आसपास. ताशी २०-२५ मैलांनी जाणाऱ्या ट्रामला याचं काही वाटत नाही, पोल वरखाली होत राहतो. वेग वाढला की पोलाला किंवा पॅन्टोला ती चढउतार झेपत नाही. कॅटेनरीत झोळ वरच्या तारेने घ्यायचा आणि खालची संपर्कतार ड्रॉपरांच्या, म्हणजे दोन्हींना जोडणाऱ्या उभ्या तारांच्या, लांबीने सपाट ठेवायची, म्हणून खांब १५० फुटांवर, न्यू हेवन रेल्वेत तर ३०० फुटांवर नेता आले.

मॉडेलमध्ये मात्र हा हिशेब उलटतो, आणि निवड करताना हीच गोष्ट सर्वांत जास्त मोलाची आहे असं मला वाटतं. ०.३ मिमी फॉस्फर ब्राँझची तार १०० ग्रॅमच्या ताणाने ३५० मिमी अंतरावर, म्हणजे मापातल्या १०० फुटांवर, टांगली तर स्वतःच्या वजनाने पडणारा झोळ ०.१ मिमीच्याही आत राहतो. डोळ्याला दिसतच नाही. ज्या अडचणीवर उपाय म्हणून कॅटेनरी जन्माला आली ती अडचण आपल्या टेबलावर अस्तित्वातच नाही. आपल्याकडे जो झोळ दिसतो तो वजनाचा नसतो, ढिलेपणाचा असतो. आणि ढिलेपणा फार थोडा पुरतो. ३५० मिमीच्या गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, तार ०.०३ मिमीने जास्त झाली की मध्यभागी २ मिमीचा झोळ पडतो.

म्हणजे प्रश्न तार सपाट ठेवण्याचा नाही, ताण टिकवण्याचा आहे. आणि ताण टिकवणं एकसलग मोकळ्या तारेत सोपं, ठिकठिकाणी जखडलेल्या तारेत अवघड.

आता माझा निर्णय ज्या एका कटकटीने झाला तिच्याकडे येतो. ती कटकट म्हणजे टणक जागा.

पॅन्टो किंवा पोल तारेला खालून सतत वर ढकलत असतो. तार जिथे मोकळी असते तिथे ती थोडी उचलली जाते. जिथे ती वरून घट्ट धरलेली असते तिथे उचलली जात नाही. मोकळ्या जागेतून घट्ट जागेकडे जाताना कलेक्टरला ठोका बसतो, पुढच्या क्षणी तो तारेपासून सुटतो आणि ठिणगी पडते. एकदा ठिणगी पडली की तिथे काळा डाग, डागावर पुढच्या वेळी मोठी ठिणगी, आणि मग गाडी तिथेच गचके खायला लागते.

खऱ्या रेल्वेनेही ही किंमत मोजली आहे. न्यू हेवन रेल्वेने १९०७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या वुडलॉनपासून स्टॅमफर्डपर्यंत ११,००० व्होल्ट, २५ सायकलची लाइन सुरू केली. वर दोन पोलादी तारा, खाली तांब्याची तार, आणि मध्ये दर १० फुटांवर लोखंडी त्रिकोण. दिसायला अतिशय मजबूत काम. तोच तिचा दोष ठरला. त्रिकोण इतके ताठ होते की तांब्याच्या तारेला प्रत्येक त्रिकोणापाशी ठोका बसायचा, तार तिथे मुडपायची आणि झिजायची. त्यावर केलेला उपाय फार शिकण्यासारखा आहे. तांब्याच्या तारेखाली आणखी एक पोलादी तार टांगली, आणि तिचे चिमटे त्रिकोणांच्या बरोबर खाली न लावता दोन त्रिकोणांच्या मधोमध लावले. ठोका बसण्याची जागा आता वरच्या तारेच्या सर्वांत लवचीक भागाखाली आली, आणि पॅन्टो शांत चालू लागला.

मिलवॉकी रेल्वेने १९१५-१६ मध्ये माँटानाच्या डोंगरातल्या ३००० व्होल्ट डीसी लाइनवर हाच धडा वेगळ्या तऱ्हेने वापरला. दोन संपर्कतारा शेजारी शेजारी, आणि ड्रॉपर आळीपाळीने एकदा हिला, एकदा तिला. त्यामुळे एक तार ड्रॉपरपाशी घट्ट असली तरी शेजारची त्याच ठिकाणी मोकळी. शिवाय ड्रॉपरला वरच्या बाजूला लांबट फास, म्हणजे खालून रेटा आला की तार वर सरकते आणि वरची पोलादी तार जागची हलत नाही. याच्या उलट टोकाला बाल्टिमोर अँड ओहायोचं १८९५ सालचं काम. तिथे बाल्टिमोरच्या बोगद्यात तारेऐवजी डोक्यावर ताठ लोखंडी पट्ट्यांची खाच टांगली होती. काही वर्षांत ती काढून जमिनीलगत तिसरा रूळ घालावा लागला.

थेट टांगणीतही टणक जागा असते, पण गाळ्याला एकच, आणि तीही आडव्या तारेवर असल्याने थोडी दबते. सुरुवातीला गावाबाहेरच्या लाइनवर खांबाला लोखंडी नळीचा ब्रॅकेट लावून तार थेट त्या नळीला बांधत. तेव्हा ठोका बसून तार बरोबर ‘काना’च्या कडेला तुटायची. कान म्हणजे तारेला पकडणारा पितळी तुकडा. मग ब्रॅकेटच्या नळीखाली एक छोटी आडवी तार ताणून तिच्यावर कान बसवायला लागले, आणि तुटणं कमी झालं. कानाचीही अशीच सुधारणा झाली. आधी गोल तारेला कान डाखाने जोडत. डाख देताना ताठ ओढलेल्या तांब्याचा कडकपणा उष्णतेने जातो, आणि तार तिथे मऊ पडून मोडते. शिवाय कानाच्या कडा तारेच्या बाजूंना वळवलेल्या असल्याने ट्रॉलीचं चाक त्यांच्यावर आपटायचं. खाचेची तार आल्यावर चिमटा वरच्या खाचेत बसू लागला आणि तारेची खालची बाजू टोकापासून टोकापर्यंत गुळगुळीत राहिली.

मॉडेलला हे जसंच्या तसं लागू पडतं. ३ मीटर सरळ रुळाचा हिशेब करा. थेट टांगणीत ३५० मिमीला एक आडवी तार, म्हणजे एकूण १० सांधे. कॅटेनरीत खांब १५० फुटांवर, म्हणजे ५२५ मिमीला एक, आणि ड्रॉपर १५ फुटांना एक धरला तर दर ५२ मिमीला एक. ३ मीटरमध्ये ड्रॉपर ५५ ते ६०, प्रत्येकाला वर एक आणि खाली एक असे ११० ते १२० डाख. त्यातले खालचे साठेक संपर्कतारेवरच असतात, आणि त्यातला प्रत्येक नीट झाला नाही तर ती टणक जागा.

नीट झाला नाही म्हणजे काय ते बोटाला कळतं. तार ताणून झाल्यावर अंगठ्याचं नख खालच्या बाजूने हलकेच फिरवा. चांगल्या सांध्यावरून नख सरकून जातं. डाख खाली ओघळला असेल तर नख अडकतं, मिठाच्या बारीक खड्याएवढा उंचवटा असतो, डोळ्याला दिसतही नाही. नख जिथे अडकतं तिथे बो कलेक्टर हमखास उडतो. आणि तो उंचवटा कानशीने काढायला गेलं तर तार दबते, ड्रॉपर वाकतो, शेजारचा सांधा सुटतो. सुटलेल्या सांध्याला पुन्हा सोल्डरिंग आयर्न लावलं की त्याच्या शेजारचाही वितळतो. एका ड्रॉपरच्या दुरुस्तीत तीन सांधे खराब होणं हे माझ्याकडे अपवादाने नाही, नेहमीच घडलं. माझा हात कदाचित तेवढा सफाईदार नसेल, ज्यांचा आहे त्यांच्या कॅटेनरी सुंदर चालतात. पण दर ५२ मिमीला ही परीक्षा द्यायची की दर ३५० मिमीला, एवढाच विचार केला तरी माझं पारडं एका बाजूला झुकतं.

थेट टांगणी: काम कसं होतं आणि कुठे अडतं

खांबाला २.५ मिमी पितळी सळई किंवा नळी. खरा खांब ८ इंची धरला तर माप २.३ मिमी येतं, बाजारात २.५ सहज मिळते. रुळापासून तारेची उंची १९ फूट, म्हणजे ६६ मिमी. जिथे वाफेच्या गाडीचा रूळ आडवा जातो तिथे २२ फूट, ७७ मिमी. खांबाचं भोक सरळ पाडू नका, रुळाच्या उलट बाजूला साधारण २ अंश कलतं पाडा. खऱ्या कामातही खांब वरच्या टोकाला जवळजवळ फूटभर मागे झुकवून रोवत, कारण आडवी तार ताणली की तो सरळ होतो. सरळ रोवलेला खांब ताण दिल्यावर रुळाकडे झुकतो आणि ओळीतला एक झुकला तरी सगळी ओळ वाकडी दिसते.

आडवी तार ०.२५ मिमीची. दोन खांबांत १२० मिमी अंतर असेल तर खांबावर ती ट्रॉलीच्या तारेपेक्षा ५-६ मिमी वर बांधा, म्हणजे मधोमध उथळ व्ही येतो. एकदम आडवी ताणली तर ती दबत नाही, आणि दबली नाही तर पुन्हा टणक जागा. मग ०.३ मिमीची मुख्य तार. लावण्याआधी तिचं एक टोक व्हाइसमध्ये धरून दुसरं पकडीने सावकाश ओढा, किंचित लांबल्याचं हाताला जाणवेपर्यंत. रिळावरचा वेटोळेपणा त्यानेच जातो, चिमट्याने सरळ करत बसलं तर जात नाही.

एक टोक पक्कं करा. दुसरं टोक शेवटच्या खांबापलीकडे, इमारतीच्या किंवा बोगद्याच्या आत, स्प्रिंगला. ०.५ मिमी फॉस्फर ब्राँझची तार ३ मिमीच्या ड्रिल बिटवर ७-८ वेढे गुंडाळली की स्प्रिंग तयार. छोट्या वजनकाट्याने ओढून १०० ते १५० ग्रॅम ताण येईल अशी लावा. तार ताणात आल्यानंतरच आडव्या तारांना जोडायची, आधी नाही. आडवी तार वर, मुख्य तार खाली. फ्लक्स फक्त वरून, सुईच्या टोकाने. २५ वॅटचं आयर्न, टोकावर डाख जेमतेम चमकण्याइतका, आणि सेकंदभरात बाजूला. जास्त टेकलं तर तारेचा कडकपणा जातो. मग नखाची परीक्षा.

वीज वेगवेगळ्या भागांत विभागायची असेल तर खांबही इन्सुलेट करावे लागतात, कारण पितळी खांब आणि आडवी तार सगळं एकच होऊन बसतं. खऱ्या लाइनवर दुहेरी इन्सुलेशन असे. टांगणीच्या बोल्टभोवती एक, आणि आडव्या तारेच्या दोन्ही टोकांना एकेक. आडवी तार ताणायची आणि इन्सुलेट करायची अशी दोन्ही कामं एकत्र करणारा ‘ब्रुकलिन’ नावाचा तुकडा तेव्हा प्रसिद्ध होता. आपण खांबापासून ८ मिमीवर तार कापून दोन टोकं एका बारीक इपॉक्सीच्या थेंबात १ मिमी अंतर ठेवून बसवली तरी दिसायला जवळजवळ तसंच होतं. इपॉक्सी रात्रभर वाळू द्या, पाच मिनिटांचं घेऊ नका, ते ताणाखाली सरकतं.

अडचण वळणावर येते. तार वळणावर वाकत नाही, ती तुकड्यातुकड्याने कोन करत जाते आणि प्रत्येक कोनाला बाहेरून ओढून धरावं लागतं. ट्रॉली पोल असेल तर एका ओढणीपाशी ७ अंशांपेक्षा जास्त कोन होऊ देऊ नये असा माझा अंदाज आहे. ३०० मिमी त्रिज्येला त्याचा अर्थ दर ३५ मिमीला एक ओढणी, १७५ मिमी त्रिज्येला, म्हणजे मापातल्या ५० फुटांना, दर २१ मिमीला. शिवाय तार रुळाच्या मध्यावर नसते, वळणाच्या आतल्या बाजूला सरकवावी लागते, कारण पोल गाडीमागे ओढला जातो. किती सरकवायची याचं गणित सोपं आहे. त्रिज्येच्या वर्गातून पोलाच्या आडव्या लांबीचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या, ती तारेची त्रिज्या. ५० फुटी वळण आणि १२ फूट पोल धरला तर तार साडेसतरा इंच आत येते, मॉडेलमध्ये ५ मिमी. हे ५ मिमी विसरले की पोल प्रत्येक वळणावर सुटतो, आणि माणूस स्प्रिंगला दोष देत बसतो.

दुसरी अडचण रुळांच्या सांध्यांवरची, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथली. रूळ जिथे फुटतो तिथे तारही फुटते, आणि ट्रॉलीच्या चाकाला कुठल्या तारेवर जायचं हे सांगणारा फ्रॉग लागतो. तो रुळाच्या सांध्याच्या बरोबर वर बसवला तर पोल नेहमी सरळ जाणार, कारण गाडी अजून वळायलाच लागलेली नसते. सांध्याचं टोक आणि रुळाचं क्रॉसिंग यांच्या साधारण मध्ये, वळणाऱ्या रुळाकडे किंचित झुकवून सुरुवात करा. फ्रॉग ०.३ मिमी पितळी पत्र्याचा, वाय आकाराचा, १२ मिमी लांब, कडा खाली दुमडलेल्या. आधी तीन सुती दोऱ्यांनी टांगून गाडी दहादा दोन्ही दिशांना चालवा, दोऱ्या ढिल्या-घट्ट करून जागा ठरवा, आणि मगच तारेने पक्का करा. एवढं करूनही पोल पुढे ठेवून गाडी मागे रेटली तर फ्रॉगवर तो सुटतोच. खऱ्या गाड्याही याच कारणाने दोन टोकांना दोन पोल ठेवत आणि दिशा बदलली की पोल बदलत.

इथेच सुरुवातीचा घोटाळा सोडवल्याचा उपयोग होतो. थेट टांगलेली तार ठेवा, पोलाऐवजी बो कलेक्टर लावा. फ्रॉगची गरज संपते, दोन तारा नुसत्या एकत्र आणायच्या, फक्त दुसरी तार पहिलीपेक्षा खाली लोंबता कामा नये. वळणावरच्या ओढण्याही निम्म्याहून कमी होतात. ६०० मिमी त्रिज्येवर पोलाला दर ७३ मिमीला ओढणी हवी. १२ मिमी घासणारी रुंदी असलेल्या बोला, तार ओढणीपाशी बाहेर आणि गाळ्याच्या मध्यावर आत अशी लावली, तर २४० मिमीपर्यंत पुरतं. सुरक्षित म्हणून २०० धरा. सरळ मार्गावर तार खांबागणिक २ मिमी डावीकडे, २ मिमी उजवीकडे अशी घ्यावी लागते, नाहीतर बोवर एकाच जागी खाच पडते. शेवटच्या स्टेशनात गाडीची दिशा बदलताना बो उलटा पडायला जागा हवी, म्हणून तिथे तार ४-५ मिमीने उंच ठेवा. जर्मन पद्धतीची ट्राम किंवा छोटी रेल्वे करणार असाल तर ही जोडी ऐतिहासिकदृष्ट्याही बिनचूक. अमेरिकन लाइन करणार असाल तर पोलच हवा, आणि फ्रॉग बसवायला दोन दिवस द्यावे लागतील.

कॅटेनरी: ती कुठे खरंच सरस आहे

ती सुंदर दिसते, आणि हे कारण लहान नाही. लांब सरळ मार्गावर, खांब अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, वरची तार कमानीत उतरते आणि खालची सरळ रेषेत जाते, हे दृश्य थेट टांगणी कधीच देणार नाही. लांब मालगाडी, मोठं इंजिन, पॅन्टो वर केलेला, हे चित्र मनात असेल तर पुढची तक्रार वाचूनही कॅटेनरीच करा.

यार्डातही तिचा फायदा आहे. खांब कमी, म्हणजे हात घालायला जागा जास्त. आडव्या तारांचं जाळं रुळांवर पसरलेलं नसल्याने घसरलेला डबा उचलताना कोपर अडकत नाही.

करायचीच झाली तर गाळे टेबलावर साच्यात बनवा, जागेवर नाही. प्लायच्या फळीवर ५२५ मिमीच्या दोन रेषा आखा, ड्रॉपरांच्या जागी १ मिमीचे खिळे, आणि वरच्या तारेची कमान मधोमध ड्रॉपर सर्वांत आखूड राहील अशी बेता. एकाचा डाख चालू असताना दोन्ही शेजाऱ्यांवर ओल्या कापसाचा बोळा ठेवा, नाहीतर वर सांगितलेली साखळी सुरू होते. आणि मिलवॉकीचा फास उचला. ड्रॉपर फक्त खालच्या तारेला डाखाने जोडा, वर त्याचा लांबट फास करून पोलादी तारेवर नुसता अडकवा. डाखांची संख्या निम्मी होते आणि तार वर उचलली जायला मोकळी राहते. कॅटेनरीत मला सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट हीच. मात्र मोकळ्या फासातून वीज भरवशाची जात नाही, म्हणून संपर्कतारेला प्रत्येक गाळ्यात वेगळी वायर जोडा.

आता आपल्या हवेची गोष्ट. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि उन्हाळ्यापर्यंत आकसतो. रंग आणि व्हार्निशने हे कमी होतं, थांबत नाही. थेट टांगणीत शेवटची स्प्रिंग हा फरक पोटात घेते, आडव्या तारा मिलिमीटरभर इकडेतिकडे झुकतात, आणि काम भागतं. कॅटेनरीचा डाखलेला गाळा मात्र छपराच्या कैचीसारखा ताठ असतो. फळी आकसली की त्याला आत दबायला जागा नसते, तो बाजूला फुगतो, आणि फुगलेल्या जागी पॅन्टोची कड तारेत घुसते. एकदा घुसली की पॅन्टो आणि तीन-चार ड्रॉपर एकदमच जातात. यावर इलाज म्हणजे गाळ्याचं एक टोक खांबावर पक्कं आणि दुसरं २ मिमीच्या खाचेत मोकळं ठेवणं, आणि प्रत्येक गाळ्याला हे करणं. कोरड्या हवेत, पुण्याच्या किंवा नागपूरच्या घरात, हा त्रास कमी होईल असं मानायला जागा आहे. समुद्राजवळ राहणाऱ्याने मात्र हा मुद्दा वरच्या क्रमांकावर ठेवावा.

दोन्ही एकाच मांडणीत हव्या असतील, गावात थेट तार आणि बाहेर कॅटेनरी, तर जोडाची जागा आधी ठरवा. कॅटेनरीची संपर्कतार आणि थेट टांगणीची तार यांना एकमेकींना जोडू नका. एका खांबाआधी दोन्ही शेजारी ३ मिमी अंतराने साधारण १५० मिमी एकत्र चालू द्या, येणारी वरून हळूहळू खाली उतरवा आणि जाणारी वर उचला. प्रत्येकीचा ताण स्वतंत्र राहतो, आणि एकीच्या दुरुस्तीने दुसरी ढिली होत नाही. ही शेजारशेजारची पद्धत पॅन्टो किंवा बोला चालते. पोलाला चालत नाही, त्याला तिथे एकच तार लागते, मग जोड स्थानकाच्या छपराखाली लपवून गाडी तिथे सावकाश चालवावी.

ठरत नसेल तर मोठी खरेदी करण्याआधी एक मीटरची फळी घ्या. अर्ध्यावर थेट टांगणीचे दोन खांब आणि एक आडवी तार, अर्ध्यावर साच्यात केलेला एक कॅटेनरी गाळा. सामान म्हणाल तर ०.३ मिमीची दोन मीटर तार, ०.२५ ची एक मीटर, पितळी सळईचे सहा तुकडे. गाडी अंधारात चालवा. ठिणग्या कुठे आणि किती पडतात ते मोजा, मग फळी न्हाणीघराजवळच्या दमट कोपऱ्यात आठवडाभर ठेवा, बाहेर काढून दोन दिवस सुकू द्या आणि पुन्हा अंधारात चालवून मोजा.